भामाचं बारीक होणं

भामा सायकलरिक्षात बसायची नाही. काचीगुड्याहून जामबागेतल्या शाळेपर्यंत चांगली पायपीट होती, तीही हातात शिवणाचं गाठोडं घेऊन. पण रिक्षा तिनं लग्नानंतर लवकरच सोडली. जरा चढ लागला की रिक्षावाला मागं वळून म्हणायचा, "अम्मा, जरा उतर जाव, खींचा नै जारा." मग भर रस्त्यात उतरून रिक्षाच्या मागं चालत जायचं. एकदा कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, "अरे, इनाम माँग ले अम्मासे!" दुकानांतून माणसं हसली. भामाही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून पायी जाऊ लागली.

ती परभणीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. माहेरी अंगानं भरलेली पोर म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी, एवढाच त्याचा अर्थ होता. हैदराबादेत सासरी आली तेव्हा अर्थ बदलला. नवरा मुकुंदराव सरकारी कचेरीत कारकून, अंगानं काटकुळा, बोलायला सौम्य. त्यानं तिला कधी उणंदुणं बोलून दाखवलं नाही. फक्त बाहेर निघाले की तो चार पावलं पुढं चालायचा. देवळात जाताना, बाजारात जाताना, नातेवाइकांकडं जाताना त्याची पाठ तिच्या पुढं असायची. सुरुवातीला तिला वाटलं, शहरातल्या माणसांची चालच भरभर असते.

बोलायचं काम सासूनं घेतलं होतं. मालनबाई वाढायला बसल्या की भाकरीच्या टोपल्यावर हात ठेवून म्हणायच्या, "दुसरी घेऊ का म्हणून मला कामून विचारतीस? आपल्या अंगाला विचार की." भामा हसून हात मागं घ्यायची. घरात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी जेवणारी बाई तीच होती, पण हे सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. तिनं सांगितलंही नाही.

शाळेत ती मुलींना शिवण शिकवायची. हात इतका सफाईदार की तिनं घातलेली टीप मशीनची की हातची ते ओळखू येत नसे. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं काचीगुड्याचं इंजन. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून बारीक शिट्टी वाजायची. ह्याच शाळेत तिची एकुलती मुलगी मालती शिकत होती. ती पाचवीत गेली तेव्हा एके सकाळी दारातच म्हणाली, "आई, तू जरा मागून ये ना. मी पुढं जाते." त्या दिवसापासून भामाच्या पुढं चालणारी माणसं दोन झाली.

पोटाचं दुखणं सुरू झालं ते पंचावन्न सालच्या दसऱ्यानंतर. जेवण झालं की घटकाभरानं बेंबीजवळ कळ उठायची. पोटात गोळा फिरल्यासारखा व्हायचा, गुरगुर बाहेर ऐकू येई इतकी, आणि मग तो गोळा आपोआप विरून जायचा. महिनाभर तिनं ओव्याचं पाणी घेतलं, हिंग लावला. कमी होईना तेव्हा मुकुंदराव तिला बरकतपुऱ्यात डॉक्टर जिंतूरकरांकडं घेऊन गेला.

जिंतूरकर म्हणजे घरचाच माणूस. मुकुंदरावाच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात ते रात्र रात्र उशाशी बसले होते, फी घेतली नव्हती. अर्ध्या काचीगुड्याला त्यांचा आधार होता. भामाला बघताच ते मोठ्यानं म्हणाले, "या सूनबाई! मुकुंदा, खुर्ची ती नको, ती बाकडी दे, खुर्ची माझ्या वडिलांची आहे." दवाखान्यात बसलेली सगळी माणसं हसली. त्या हसणाऱ्यांत वाईट कुणीच नव्हतं.

"जेवल्यावर दुखतं," भामा म्हणाली.

"मग कमी जेवायचं," जिंतूरकर म्हणाले. "सोपं आहे की नाही? यंत्रावर बोजा टाकला की यंत्र कुरकुरणारच."

"गोळा उठतो. हाताला लागतो कधी कधी."

"तुमच्या हाताला लागत असेल. माझ्या हाताला एवढ्या थरातून काय लागणार?" ते पुन्हा हसले, आणि लाल औषधाची बाटली भरून तिच्यावर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. "तूप बंद, भात बंद, रात्रीचं जेवण अर्धं. वजन उतरलं की बघा, सगळी दुखणी पळतील."

परत येताना मुकुंदराव चार पावलं पुढंच होता. मागं न वळता म्हणाला, "डॉक्टर म्हणतात ते ऐक. तुझ्याच भल्याचं आहे."

भामानं ऐकलं. रात्रीचं जेवण अर्धं केलं, मग बंद केलं. खाल्लं नाही की दुखत नाही, हे तिच्याही ध्यानात आलं होतं. म्हणजे डॉक्टर म्हणत होते ते खरंच होतं. दिवसभर ती एका भाकरीवर आणि ताकावर राहू लागली. पोट तरीही आठवड्यातून दोनदा पिळवटून निघायचं. एखाद्या दिवशी उलटी झाली की बरं वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचे ब्लाऊज ढगळ झाले. तिनं एक ब्लाऊज उसवून दोन्ही बाजूंनी आत घेतला. महिन्याभरात तो पुन्हा उसवला. आपल्याच कपड्यांवर कात्री चालवताना तिला इतका आनंद कधी झाला नव्हता. मशीनवर बसून ती गुणगुणायची. मालनबाई खोलीत डोकावून म्हणाल्या, "हां, आता बाईमाणसासारखी दिसायला लागलीस." सासूच्या तोंडून आलेलं हे पहिलं गोड वाक्य.

ते दिवस सगळ्या हैदराबादेतच उलथापालथीचे होते. राज्याचे तुकडे होणार हे पक्कं झालं होतं. मराठी माणसांच्या घरी एकच बोलणं चालायचं, कचेरीच्या यादीत आपलं नाव इथंच राहतंय की औरंगाबादला लागतंय. मुकुंदराव कचेरीतून आला की अर्धा तास हेच सांगायचा. पूर्वी तो हे आईला सांगायचा, आता भामाला सांगू लागला. एका रविवारी त्यानं आपणहून विचारलं, "सिनेमाला यायचं का?"

ती निघाली. रस्त्यावर आल्यावर ती सवयीनं मागं राहिली, तर तो थांबला. ती जवळ येईपर्यंत थांबला आणि मग तिच्या बरोबरीनं चालू लागला. सुलतान बाजारातून जाताना त्याचा कोपर तिच्या कोपराला लागत होता. सिनेमात काय होतं ते तिला नंतर आठवेना. मध्यंतरात त्यानं समोसा आणून दिला. तिनं तो खाल्ला, आणि सिनेमा संपायच्या आधी बाहेरच्या मोरीवर जाऊन ओकून आली. परत येऊन खुर्चीत बसली तेव्हा अंगाला घाम सुटला होता. मुकुंदराव म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, उकडतंय."

नोव्हेंबरात नवी राज्यं झाली आणि डिसेंबरात शाळेचा फोटो काढायचा ठरला. कितीतरी शिक्षिका गावं बदलून जाणार होत्या, म्हणून मुख्याध्यापिका कुसुमताईंनी खास फोटोग्राफर बोलावला. भामा दरवर्षीसारखी मागच्या ओळीत जाऊन उभी राहिली. तिथं खांद्यापासून खालचं काही दिसत नसे.

"भामाबाई, तिकडं कुठं? इकडं या, खुर्चीवर," कुसुमताई म्हणाल्या. "आता लपायचं काय कारण?"

ती पुढं येऊन बसली. शेजारच्या बाईंनी कानाशी लागून विचारलं, "काय करता हो तुम्ही? आम्हाला पण सांगा की." भामा लाजून म्हणाली, "काही नाही. जरा तोंडावर ताबा ठेवलाय." फोटो निघेपर्यंत पोटातला गोळा वर चढत होता. तिनं पदराखाली मूठ दाबून धरली आणि समोर बघत हसत राहिली. घरी जाताना मालतीनं तिचा हात धरला. रस्त्यात, मैत्रिणींच्या देखत.

तोवर तिला दुपार कलली की ताप येऊ लागला होता. फार नाही, डोळे जळजळायचे, अंग मोडून यायचं. पहाटे उशी घामानं ओली असायची. आपल्याला काहीतरी झालंय हे तिला कळत होतं. न कळायला ती काही खुळी नव्हती. पण ताप सांगितला तर औषध येणार, औषधानं भूक लागणार, भुकेनं पुन्हा सगळं अंगावर येणार, एवढाच हिशोब तिच्या डोक्यात बसला होता. पुन्हा मागच्या ओळीत, पुन्हा ती पाठ. ती रोज उशीचा अभ्रा स्वतःच धुऊन वाळत घालू लागली.

एकदा मात्र ती घाबरून एकटीच जिंतूरकरांकडं गेली. चालताना तोल जात होता. डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. "शाबास, सूनबाई! याला म्हणतात मनाचा निग्रह!" समोर बसलेल्या एका स्थूल बाईकडं वळून ते म्हणाले, "बघा, आणि तुम्ही म्हणता जमत नाही." ती बाई खाली बघत राहिली. भामा सांगायला आली होती ते तिच्या ओठांवरच राहिलं.

"थकवा येतो जरा," तेवढं ती म्हणाली.

"येणारच. शरीराला सवय व्हायची आहे." आणि त्यांनी ताकदीची एक गोळी दिली.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात जिंतूरकर हैदराबाद सोडून गेले. मुलगा सरकारी इंजिनिअर होता, त्याला औरंगाबाद मिळालं होतं. दवाखान्याच्या दाराला कुलूप लागलं. अर्धा काचीगुडा त्यांना पोचवायला स्टेशनवर गेला. मुकुंदरावही गेला आणि डोळे पुसत परत आला.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, भामा स्वयंपाकघरात कोसळली. पोट ढोलासारखं तट्ट फुगलं होतं. उलट्या थांबेनात, शेवटी हिरवं पाणी पडू लागलं. मालनबाई ओरडल्या, "तरी म्हणलं, खाल्लं असंल काहीतरी लपून!" घरचा डॉक्टर राहिला नव्हता. मुकुंदरावानं कचेरीतून धावत येऊन टांगा केला आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं जनाना वॉर्डात डॉक्टर सुगुणाबाई म्हणून एक तेलुगू बाई होत्या. वयानं भामापेक्षा लहान, तोंडावर हसू नाही, बोलणं तुटक. त्यांनी लुगडं सैल करून दोन्ही हात भामाच्या पोटावर ठेवले. हलकेच दाबत, थांबत, पुन्हा दाबत बराच वेळ ते हात फिरत राहिले. त्या तसल्या कळांमध्येही भामाच्या मनात आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी इथं हात ठेवला.

"कबसे है ये?" सुगुणाबाईंनी विचारलं.

"डेढ साल."

"डेढ साल! डॉक्टर को नै दिखाये?"

"दिखाया था," भामा म्हणाली.

"उनो पेट देखे?"

भामानं डोळे मिटून घेतले. बरकतपुऱ्यातला तो माणूस सासऱ्यांच्या उशाशी बसलेला तिला दिसत होता. "मेरी गलती है," ती म्हणाली. "मैं ठीकसे बोली नै."

त्याच संध्याकाळी तिचं पोट उघडलं. आतड्यांचा क्षय होता. ठिकठिकाणी आतडं आवळून दोरीसारखं झालं होतं, एके जागी सडायला लागलं होतं. बरंचसं कापून काढावं लागलं. मोठ्या सर्जननी मुकुंदरावाला बाहेर बोलावून सांगितलं, "एक वर्षापूर्वी आणली असती तर नुसत्या सुयांवर बरी झाली असती. आता वाचली तरी पुष्कळ."

मुकुंदराव भिंतीला टेकून उभा राहिला. सर्जन निघून गेले तरी तसाच उभा होता. मग आत येऊन तिच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, "मला वाटायचं, तू प्रयत्न करतीयेस म्हणून..." तिचं तोंड कोरडं पडलं होतं. रागवायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

ती वाचली. वर्षभर सुया टोचून घेतल्या, गोळ्या खाल्ल्या. ताप गेला. पण कापलेलं आतडं काही परत आलं नाही. काहीही खाल्लं की तासाभरात परसाकडं धावावं लागे. दूध पचेना, डाळ पचेना. मऊ भात, ताक आणि शिजवलेलं केळं एवढ्यावर तिचा जन्म आला. तिच्या हाताचं मनगट मालतीच्या मनगटाहून बारीक झालं. वर्गात दुसऱ्या तासाला तिला घेरी यायची, म्हणून ती बसूनच शिकवायची. आता तिच्यामागं कुणी शिट्टी वाजवत नव्हतं.

अठ्ठावन्न साली मुकुंदरावाची बदली औरंगाबादला झाली. सुया चालू होत्या, शाळा होती, म्हणून भामा, मालती आणि मालनबाई मागं राहिल्या. तो सणावाराला यायचा. यायचा तेव्हा तिच्यासाठी काहीतरी गोडधोड घेऊन यायचा, तिला पचत नाही हे विसरून, आणि मग तो पुडा हातात धरून ओशाळा बसून राहायचा.

लग्नाकार्यांत बायका अजूनही तिला गाठायच्या. नव्या ओळखीची एखादी म्हणायचीच, "तुमचा बांधा किती छान राहिलाय हो ह्या वयात." पहिल्यांदा पहिल्यांदा भामा सांगायची, मला आजार झाला होता. तेव्हा ती बाई हळहळून म्हणायची, "असू द्या, पण त्यानिमित्तानं अंग तरी उतरलं." पुढं पुढं तिनं सांगणं सोडून दिलं.

मालती चौदाची झाली. अंगानं ती आईवर गेली होती, आई पूर्वी होती तशी. चेहरा गोल झाला, झगे दंडात रुतू लागले. मालनबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण नजर शाबूत होती. जेवताना म्हणायच्या, "आईकडं बघ, कशी छडीसारखी झालीय. तिनं मनावर घेतलं म्हणून. तू बी घे." भामा हे ऐकायची आणि ताटातला भात चिवडत राहायची. बोलायचं असतं हेच तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

मग एक दिवस तिला कपड्यांच्या पेटीमागं कागदात गुंडाळलेली भाकरी सापडली. वाळून लाकूड झालेली. तिच्याखाली आणखी एक. मालती आठवडाभर सकाळी लिंबूपाणी पिऊन शाळेत जात होती. विचारलं तर म्हणाली, "मला भूकच नसते."

भामानं दाराला कडी लावली. लेकीला समोर बसवलं आणि लुगड्याचा ओचा सोडून पोट उघडं केलं. बेंबीच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत जाड, वेडावाकडा व्रण होता, दोन्हीकडं टाक्यांच्या खुणा. ज्या बाईच्या हातची टीप मशीनची वाटायची, तिच्या अंगावर असली शिवण. मालतीनं तो कधी पाहिला नव्हता. तिनं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"इकडं बघ," भामा म्हणाली. "मी मनावर बिनावर काही घेतलं नव्हतं. मी आजारी होते. लोक छान म्हणत होते, म्हणून सांगितलं नाही कुणाला. मरायला टेकले होते मी, मालू."

"मला माहीत आहे."

"मग हे कशाला?"

मालती भिंतीकडंच बघत म्हणाली, "तू जाड होतीस तेव्हा बाबा तुझ्याबरोबर चालत नव्हते. मी पण चालत नव्हते."

खोटं बोलावं तर पोर समोर बसलेली होती, आणि तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. भामानं लुगडं नीट केलं. स्वयंपाकघरात जाऊन सकाळची भाकरी आणि अंबाड्याची भाजी ताटात वाढून आणली आणि लेकीपुढं ठेवली. मालतीनं अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी कितीतरी वेळ तशीच राहिली. भामा ताटाजवळून उठली नाही.

रात्री जेवायला बसल्यावर मालनबाईंनी तोंड उघडलं, तेव्हा भामा म्हणाली, "आत्याबाई, लेकराच्या ताटाकडं बघून ह्यापुढं बोलायचं नाही."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती, सासूपुढं तिनं असा आवाज कधी काढला नव्हता. मालनबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेल्या. नंतर बरेच दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. मुकुंदरावाला पत्र घालून तक्रारही केली. त्याचं उत्तर आलं, त्यात त्यानं भामालाच लिहिलं होतं की मालतीला इकडं पाठव, इथली शाळा चांगली आहे. भामानं पाठवलं नाही.

ती रोज दोन्ही वेळा लेकीच्या समोर बसू लागली. स्वतःच्या ताटात मूठभर मऊ भात, लेकीच्या ताटात भाकरी. काही दिवस मालती नीट जेवायची, शाळेतलं काहीबाही सांगत. काही दिवस दोन घास खाऊन हात आखडायची आणि आईनं कितीही विनवलं तरी मान खाली घालून बसायची. असल्या दिवशी भामा तिला पोटात दुखतं का विचारायची, कपाळाला हात लावून बघायची, आणि ती झोपली की उठून उशी चाचपायची.

उशी कोरडी असायची. तेवढ्यावर ती पुन्हा आडवी व्हायची.